मज्जारज्जू नुसती तार नव्हे

कमरेखाली लुळा पडलेला माणूस विजेच्या उपचाराने चालू लागला, अशी बातमी अधूनमधून येते आणि सगळे श्रेय यंत्राला मिळते. माझ्या मते त्यातला मोठा वाटा मज्जारज्जूचा आहे. मेंदूचे हुकूम खाली पोचवणारी तार, एवढीच त्याची ओळख आपण धरून बसलो आहोत. पण ग्रॅहम ब्राऊन यांनी १९११ मध्येच दाखवले होते, की मेंदूपासून तोडलेला मांजराचा मज्जारज्जू पायांकडून संवेदना येत नसतानाही चालण्याची लय स्वतः निर्माण करतो. माणसातही ही क्षमता असल्याचा सबळ पुरावा मिलान दिमित्रिजेविच यांनी १९९८ मध्ये मांडला. पूर्ण इजा झालेल्या रुग्णांच्या मज्जारज्जूच्या कमरेकडील भागाला त्यांनी एकसारखी स्पंदने दिली, आणि झोपलेल्या रुग्णांचे पाय पावले टाकल्यासारखे हलू लागले. दिलेल्या विजेत पावलांची लय नव्हती, ती मज्जारज्जूने घडवली! इतक्या मोलाच्या प्रयोगाचा बातम्यांत उल्लेखही नसतो, याची खंत वाटते.

ही वीज मुख्यतः संवेदना आणणाऱ्या तंतूंना चेतवते आणि त्यांच्यामार्फत खालच्या चेतापेशींना उंबरठ्याजवळ आणून ठेवते. काठोकाठ भरलेला हौद ओंजळभर पाण्यानेही सांडतो, तसा मग क्षीण संदेशही पुरतो. पण इजा पूर्ण असेल तर संदेश येणार कुठून? तपासणीत पूर्ण ठरलेल्या अनेक इजांमध्येही काही तंतू शाबूत राहतात, हे दिमित्रिजेविच यांच्याच गटाने दाखवले होते. मग नुसता व्यायाम का पुरत नाही? लुइव्हिल येथील सुझन हार्केमा यांच्या गटाने २०११ मध्ये ज्या तरुणाची हकिकत प्रसिद्ध केली, त्याने २६ महिन्यांत चालण्याच्या सरावाची १७० सत्रे केली होती. तरीही त्याला आपले पाय हलवता येत नव्हते. इलेक्ट्रोड बसवल्यावर वीज चालू असताना तो स्वतःचा भार पेलून उभा राहिला, आणि पुढे काही महिन्यांच्या सरावानंतर ठरवून पाय हलवू लागला.

एकेका रुग्णावरून निष्कर्ष काढू नये, हा आक्षेप रास्तच आहे. त्वचेवरून वीज देण्याच्या, २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत मात्र हातांची ताकद गमावलेले ६० जण होते. त्यांपैकी ७२ टक्क्यांच्या हातांची ताकद आणि काम करण्याची क्षमता दोन्ही सुधारल्या. तुलनेसाठी वेगळा गट नव्हता, ही उणीव खरी. पण त्याच माणसांनी आधी दोन महिने नुसता व्यायामोपचार घेतला होता. चारही अवयव दुबळे झालेल्यांना विचारले, तर बहुतेक जण चालण्याआधी हात मागतात. अमेरिकेत डिसेंबर २०२४ मध्ये या चाचणीतल्या यंत्राला परवानगी मिळाली तीही हातांची ताकद आणि संवेदना सुधारण्यासाठीच, आणि व्यायामाच्या जोडीने वापरण्याच्या अटीवर.