आधी बटण, मग मोबाइल

बुलढाणा, खामगाव, मलकापूरच्या घरांत मोबाइलवरूनही चालणारे स्मार्ट स्विच घेताना एकच कसोटी लावावी: इंटरनेट बंद असताना भिंतीवरच्या बटणाने दिवा लागतो का? स्विच नीट चालला नाही, तरी बिघाडाचे मूळ अनेकदा स्विचबाहेर असते. जुन्या बोर्डात न्यूट्रल तार नसली, तर बरेच स्विच चालतच नाहीत. अनेक स्विचना फक्त २.४ गिगाहर्ट्‌झचे वायफाय चालते. वीज परतल्यावर दिवा लागावा की बंद राहावा, हेही अ‍ॅपमध्ये आधीच ठरवावे लागते. ‘एवढी कटकट कशाला?’ हा आक्षेप रास्त आहे. पण गुडघे दुखणाऱ्या आजीला अ‍ॅपमधला ‘रात्र’ हा सीन, म्हणजे अनेक दिव्यांची एकत्र ठरवून ठेवलेली स्थिती, निवडून पलंगावरूनच सगळे दिवे मालवता येत असतील, तर ती चैन नव्हे, गरज आहे. म्हणून आधी वायरमनकडून वायरिंग तपासून घ्यावे, सीन मोजकेच ठेवावेत आणि साधे बटण कधीही काढू नये.