समजून घ्या : 'मांजरसुंबा'चे 'मांजर' होते, तेव्हा ड्रायव्हरमध्ये काय घडते?

मांजरसुंबा. धुळे-सोलापूर महामार्गावरचे, बीडजवळचे गाव. मराठीत हे नाव टाइप केले, की काना, उकार, अनुस्वार धरून 10 चिन्हे होतात. वेबवर सर्रास वापरल्या जाणाऱ्या यूटीएफ-8 पद्धतीत देवनागरीचे प्रत्येक चिन्ह 3 बाइट घेते. म्हणजे 30 बाइट. शिवाय 'सी' भाषेत मजकूर कुठे संपला हे सांगायला शेवटी शून्याचा एक बाइट लागतो. एकूण 31.

आता समजा, एखाद्या ड्रायव्हरने नावासाठी 16 बाइटचीच जागा ठेवली आहे. प्रिंटर, वाय-फाय, कॅमेरा यांना ऑपरेटिंग सिस्टिमशी जोडणारा प्रोग्रॅम म्हणजे ड्रायव्हर.

जुनी पद्धत का धोक्याची?

'स्ट्रकॉपी' हे सी भाषेतले जुने फंक्शन जागा किती आहे ते विचारतच नाही. ते 31 बाइट ओतते आणि 15 बाइट शेजारच्या माहितीवर सांडतात. 1988 च्या मॉरिस वर्मने याच जातीच्या चुकीचा फायदा घेतला होता. तिथे दोषी फंक्शन 'गेट्स' होते.

'स्ट्र-एन-कॉपी' 16 बाइटला थांबते, पण शेवटचे शून्य लिहायला जागाच उरत नाही. मग वाचणारा कोड शून्य सापडेपर्यंत पुढचे वाचत सुटतो. मला तर हे पहिल्यापेक्षा जास्त फसवे वाटते. वरवर पाहता कोड सुरक्षित दिसतो.

साध्या ॲपमध्ये असे झाले तर बहुधा ते ॲप बंद पडते. पण बरेच ड्रायव्हर कर्नलमध्ये, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्यात चालतात. तिथे अख्खा संगणकच कोसळू शकतो. 19 जुलै 2024 आठवा. क्राउडस्ट्राइकच्या सुरक्षा ड्रायव्हरने 20 नोंदींच्या यादीत 21 वी वाचायचा प्रयत्न केला. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजानुसार 85 लाख विंडोज संगणक बंद पडले आणि आपल्याकडे विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास द्यावे लागले. ती चूक मजकुराची नव्हती, पण हद्द न तपासण्याचीच होती.

नवे काय?

लिनक्समध्ये 2015 पासून 'स्ट्र-एस-कॉपी' आहे. ते जागेचे माप घेते, शून्यासाठी एक बाइट राखते आणि मजकूर कापला गेला तर तसे कळवते. आपल्या उदाहरणात 15 बाइट उरतात. बरोबर 5 चिन्हे : 'मांजर'! जागा 20 बाइटची असती, तर 'स'नंतरच्या उकाराचा एकच बाइट आत आला असता आणि पडद्यावर प्रश्नचिन्हाचा चौकोन दिसला असता.

विंडोजच्या ड्रायव्हरसाठी 'आरटीएल-स्ट्रिंग' ही फंक्शने आहेत. त्यांचे दोन प्रकार : एकाला जागा बाइटमध्ये सांगायची, दुसऱ्याला अक्षरांमध्ये. विंडोजच्या युनिकोड मजकुरात एक मराठी चिन्ह 2 बाइटचे. अक्षरांच्या जागी बाइटचा आकडा दिला, की जागा दुप्पट समजली जाते आणि सांडणे पुन्हा सुरू.

सुरक्षित फंक्शनने 'मजकूर कापला' असा इशारा दिला आणि ड्रायव्हर लिहिणाऱ्याने तो पाहिलाच नाही, तर सिस्टिम कोसळणार नाही. मात्र मांजरसुंब्याचे मांजर होऊन ते नाव पुढे जाईल.

लिनक्समधून 'स्ट्र-एल-कॉपी' हे आणखी एक जुने फंक्शन 2024 मध्ये 6.8 आवृत्तीत काढून टाकले गेले. अँड्रॉइडचा गाभाही लिनक्सच आहे. फोनवर येणाऱ्या 'सिक्युरिटी अपडेट'मध्ये कर्नल आणि चिप कंपन्यांच्या ड्रायव्हरच्या दुरुस्त्याही असतात.