ओढते दाताळे : निवड आणि वापर

परसातील पालापाचोळा गोळा करावयास खराटा आणि हाताचे दाताळे पुरेसे असते. परंतु शाळेचे मैदान, आमराई किंवा घराभोवतीची एक-दोन एकर मोकळी जमीन साफ करावयाची झाली, म्हणजे पाठ भरून येते आणि काम मात्र अर्धेच राहते. अशा ठिकाणी छोट्या ट्रॅक्टरमागे जोडावयाचे ओढते दाताळे उपयोगी पडते. अमेरिकेत विस्तीर्ण अंगणांच्या निगेसाठी ते विशेष वापरले जाते. आपल्याकडेही ज्या बागांतून छोटा ट्रॅक्टर फिरतो तेथे त्याचा विचार करण्याजोगा आहे.

या अवजाराची रचना साधी असते. आडव्या लोखंडी दांडीवर विळ्यासारखे वाकलेले पोलादी दाते ओळीने बसविलेले असतात. वाटेत मूळ किंवा मोठा दगड आला, की दाता किंचित मागे लवतो आणि पुन्हा जागेवर येतो. खडे, काटक्या व उपटलेले तण गोळा करणे, लहान ढेकळे फोडणे आणि हिरवळ लावण्यापूर्वी माती सारखी करणे, ही त्याची कामे होत. कुळवाची फास मातीच्या खालून चालते. दाताळ्याचे दाते वरूनच फिरावयाचे असतात. खोल मशागतीची अपेक्षा त्याच्याकडून करू नये.

निवड करताना केवळ रुंदीवर भुलू नये. साधारणतः ४ ते ६ फूट रुंदीची दाताळी मिळतात. ट्रॅक्टरच्या चाकांचे ठसे पुसले जातील इतकी रुंदी असावी. मात्र बागेच्या फाटकातून आणि झाडांच्या दोन ओळींमधून ते सहज जावयास हवे. स्वतःची चाके असलेले दाताळे साध्या खिळीने मागे जोडता येते. तीन ठिकाणी जोडावयाचे दाताळे वळणावर ट्रॅक्टरच्या साहाय्याने उचलता येते. परंतु त्यासाठी ट्रॅक्टरला तशी सोय असावी लागते. मोडलेला एखादाच दाता बदलता येतो की नाही, हेही पाहून घ्यावे. दांडी तिरपी करता येत असल्यास कचरा एका बाजूस ओळीने पडतो व उचलणे सोपे जाते.

जमिनीस वाफसा असतानाच काम करावे. ओली माती दात्यांत थापली जाते. अगदी कोरडी मातीची धूळ होऊन उडते. तारा व मोठे दगड आधी हाताने काढावेत आणि माणसाच्या चालीपेक्षा अधिक वेग ठेवू नये. खरी काळजी घ्यावयाची ती वरच्या मातीची. पावसाच्या तोंडावर उतारावरची जमीन खरवडून उघडी केली, तर पहिल्याच सरींबरोबर तिचा कस वाहून जातो. सौम्य उतारावर दाताळे आडवे चालवावे. तीव्र उतारावर ट्रॅक्टर उलटण्याचा धोका असल्याने तो नेऊच नये. झाडांच्या बुंध्याभोवतीचा पाला राहू द्यावा. त्याने ओल टिकते.

वजन पडावे म्हणून दाताळ्यावर मुलांना बसविणे अत्यंत धोक्याचे आहे. दात्यांत अडकलेला कचरा काढण्यापूर्वी दाताळे जमिनीवर टेकवून इंजिन बंद करावे. काम संपल्यावर उघडे दाते वाटेत राहणार नाहीत, अशी व्यवस्था करावी.

गोळा झालेल्या पाल्याला काडी लावण्याची आपल्याकडे जुनी खोड आहे. २०१५ साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने राजधानीच्या परिसरात उघड्यावर कचरा व पाने जाळणाऱ्यांस ५,००० रुपये दंड ठरविला. त्याच्या कितीतरी आधी, १९२४ ते १९३१ या काळात, इंदूर येथे अल्बर्ट हॉवर्ड यांनी काडीकचरा, शेण व माती यांचे थर रचून खत करण्याची पद्धत सिद्ध केली होती. ढीग वेळोवेळी परतला व ओलसर ठेवला, तर काही महिन्यांत काळसर, भुसभुशीत खत तयार होते. ते त्याच बागेत पसरावे. दाताळ्याने जमिनीवरून जे उचलले, ते अशा रीतीने पुन्हा जमिनीसच मिळते.