सागरच्या दप्तरातलं नाव

नोव्हेंबर आहे, हयातीच्या दाखल्याचा महिना. वर्ध्याच्या बजाज चौकाजवळ ऑनलाइन फॉर्म भरून देणाऱ्या दुकानात आमच्या गावचे बाबाजी मशीनवर अंगठा टेकवून बसले आहेत. वय ७६. आधी रायफलीनं, मग कापसाच्या बोंडांनी घासलेला तो अंगठा तिसऱ्या खेपेला उमटतो. दाखला होतो, पण बाबाजी उठत नाहीत. पिशवीतून प्लास्टिकमध्ये गुंडाळलेलं डिस्चार्ज बुक काढतात.

"आता हे पाय ना बाबू. म्हातारीचं नाव."

महार रेजिमेंट. भरती १९६८, पेन्शनवर घरी १९८३. पत्नीच्या रकान्यात सोबत आलेल्या आजीचं माहेरचं नाव आहे. लग्नात सासरच्यांनी ते बदललं, आणि आधार कार्डावर सासरचं आलं. दुकानातला पोरगा दोन्ही नावं मोठ्यानं वाचतो. आजी दोन्ही वेळा मान हलवते.

"मी गेलो त इले पेन्शन कोन देईन जी?"

पोरगा 'स्पर्श' हे लष्करी पेन्शनचं पोर्टल उघडतो. पेन्शनचा आदेश पडद्यावर येतो, एक पैसा न लागता. त्यातही जुनंच नाव. ते दुरुस्त करायचं तर लग्नाची नोंद ज्या 'पार्ट टू ऑर्डर'नं लागली, तिची प्रत पाहिजे आणि मूळ दप्तर मध्य प्रदेशात, सागरच्या रेकॉर्ड ऑफिसात. माहिती अधिकारात मागायची तर १० रुपयांची पोस्टल ऑर्डर, पानामागे २ रुपये, उत्तराला ३० दिवसांची मुदत. दारिद्र्यरेषेखालच्या अर्जदाराला फी माफ आहे. बाबाजी त्या यादीत नाहीत.

"म्हंजे माह्याच लग्नाचा कागद मीच इकत घेऊ?"

रक्कम मोठी नाही, पण प्रश्न रकमेचा नाहीच. बाबाजी आज एसटीनं आले ते फुकट, कारण ७५ वर्षांवरच्यांना राज्यानं तो प्रवास दिला आहे. आजीचं तिकीट अर्धं. गाडी फुकट मिळते, तर पंधरा वर्षांच्या नोकरीची नोंद का नाही? अमेरिकेत माजी सैनिकाला सेंट लुईसच्या अभिलेखागारातून सेवेच्या मूलभूत नोंदींच्या प्रती सहसा विनामूल्य मिळतात. आपल्याकडे त्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाच्या खिडकीवर, नुसत्या ओळखपत्रावर आणि फुकट मिळाल्या पाहिजेत.

मी अर्ज लिहितो. बाबाजी सही करण्याआधी नावापुढं 'नायक' लिहायला सांगतात, मग सावकाश, वळणदार सही करतात. आम्ही तिघं पोस्टाकडे निघतो.

तुमच्या घरात माजी सैनिक असतील, तर आज त्यांची ट्रंक उघडा. डिस्चार्ज बुक, पेन्शनचा आदेश आणि आधार शेजारी ठेवून पत्नीचं नाव नि जन्मतारीख अक्षर-अक्षर ताडून बघा. अर्जावर सही करायला ते आहेत, तोवर बघा.