दीडशे तासांची मुदत

इटलीच्या वायव्येस, आओस्ता खोऱ्यातील कूर्मायेर गावी सप्टेंबरात सुरू होऊन तेथेच समाप्त होणारी ‘तोर दे जेआँ’ ही शर्यत २०१० साली प्रथम भरली. सुमारे ३३० किलोमीटरांचे अंतर आणि एकंदर २४,००० मीटरांची चढाई १५० तासांत पुरी करावी, आणि त्या मुदतीतून निद्रेस मात्र काडीची वजावट मिळू नये, असा तिचा दंडक आहे.

पाठीवरील सामानाची फेहरिस्त सक्तीची असते: दोन हेडलॅम्प, टोपीचे जलरोधक जाकीट, शिटी, आणि चॉकलेटच्या चांदीसारखे दिसणारे, परंतु देहाची ऊब परावर्तित करून राखणारे पांघरूण. उरलेला जामानिमा थैलीतून मोठ्या तळांवर पोहोचविला जातो. पाय सुजणार हे जाणणारा अनुभवी धावक तीत थोड्या मोठ्या मापाचे बूट आधीच टाकून ठेवतो.

खरा वैरी चढ नव्हे, जागरण. तिसऱ्या रात्री शिळांना माणसांचे चेहरे फुटू लागतात. तथापि शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा या धावकांच्या स्नायूंची हानी सुमारे निम्म्या अंतराच्या पर्वतीय शर्यतीतील धावकांहून कमी भरली, आणि त्याचे श्रेय त्यांनी आरंभापासून राखलेल्या मंदगतीस दिले.