‘शीर’ एक, अर्थ चार : दंडाच्या आत काय आहे?

आपल्या घरांतून मराठी बोलणे कमी झाले असले तरी दुखण्याखुपण्याचे शब्द सहजासहजी जात नाहीत. ‘शीर दबली’, ‘शीर ताणली’, ‘शिरेवर शीर चढली’, ‘शीर तुटली’ असे आपण अजूनही म्हणतो, आणि ऐकणारा मान डोलावतो. शेजारचे भोजपुरी बोलणारे कुटुंब हेच ‘नस’ म्हणून सांगते. पण डॉक्टरांसमोर गेल्यावर पंचाईत होते. कारण आपल्या एका ‘शिरे’च्या पोटात चार वेगवेगळ्या वस्तू आहेत आणि डॉक्टरांना त्यांपैकी नेमकी कोणती ते हवे असते.

पहिली धमनी. ती हृदयाकडून लाल रक्त आणते आणि बोटाखाली उडते. दुसरी नीला. ती तेच रक्त परत नेते, कातडीखाली निळसर दिसते आणि उडत नाही. तिसरा मज्जातंतू. त्यात रक्त वाहत नाही, मेंदूकडून हुकूम खाली येतात आणि स्पर्शाची खबर वर जाते. चौथी कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी बांधणारी चिवट दोरी. वरून चाचपले तर चारही दोरीसारख्याच लागतात, म्हणून आपल्या पूर्वजांनी एकच नाव दिले असेल तर त्यात नवल नाही. ग्रीकांचेही तेच झाले होते. त्यांचा ‘न्यूरॉन’ हा शब्द मुळात कंडरेचा होता, तो पुढे मज्जातंतूला चिकटला.

आमच्या तरुण वाचकांसाठी आणखी एक खुलासा करायला हवा. मराठीत ‘स्नायू’ म्हणजे मांसपेशी. हिंदीच्या वर्गात मात्र ‘स्नायु’ म्हणजे मज्जातंतू. दोन्ही भाषा शिकणाऱ्या मुलाने इथे जपून राहावे. या लेखात आम्ही मराठी अर्थ धरला आहे.

या चारही वस्तू एकमेकींना खेटून जिथे राहतात ती जागा म्हणजे दंड, खांद्यापासून कोपरापर्यंतचा हात. खालच्या हातात दोन हाडे आहेत, दंडात एकच. त्या हाडाच्या पुढे एक कप्पा आणि मागे एक कप्पा, मध्ये चिवट पडदे, आणि सगळ्याभोवती पातळ पण न ताणणारे वेष्टन. पुढच्या कप्प्यात हात दुमडणारे स्नायू, मागच्यात हात सरळ करणारा.

मूठ वळून हात दुमडला की जी बेटकुळी वर येते ती बायसेप्स स्नायूची. मुले ती काढून दाखवतात, पहिलवान दंड थोपटून तिचा मान करतात. खरे सांगायचे तर कोपर दुमडण्याचे मोठे काम तिच्याखाली दडलेला ब्रॅकियालिस नावाचा स्नायू करतो. त्याला कोणी ओळखत नाही. बायसेप्सची दुसरी कामगिरी अधिक मोलाची आहे : तळहात आकाशाकडे फिरवणे. उजव्या हाताने स्क्रू आवळताना किंवा घट्ट किल्ली फिरवताना दुसरा हात दंडावर ठेवून पाहा, बेटकुळी टणक झालेली कळेल. उतारवयात बायसेप्सच्या दोन मुळांपैकी लांब मुळाची कंडरा खांद्यापाशी कधी कधी तुटते आणि बेटकुळी खाली घसरून गोळा दिसते. ही खरी ‘शीर तुटणे’, पण चौथ्या अर्थाची. दिसायला भयंकर असते, तरी बहुतेकांचा हात पुढे कामाला येतो.

मागच्या कप्प्यात तीन मुळांचा ट्रायसेप्स एकटाच राहतो. रत्नागिरी, साताऱ्याकडून मुंबई बंदरातून निघून 19व्या शतकात या बेटावर उतरलेल्या आपल्या पणजोबांचे पोट या स्नायूने भरले असे म्हणायला हरकत नाही. कोयता वर नेला की कोपर दुमडलेले असते. तो उसाच्या बुडावर आपटताना कोपर झटक्याने सरळ होते, ते ट्रायसेप्समुळे. खांदा आणि पाठ त्याला जोर पुरवतात. तोडलेल्या उसाची मोळी उचलायची वेळ आली की पुढच्या कप्प्याची पाळी. आज पुष्कळ शेतांत यंत्र ऊस तोडते आणि आमची मुले कार्यालयात बसतात, पण दंडाची रचना तीच आहे.

आता रक्ताकडे वळू. दंडाची मोठी धमनी काखेतून निघते आणि आतल्या बाजूने, बेटकुळीच्या कडेकडेने कोपराकडे उतरते. दंडाच्या आतल्या खोबणीत तीन बोटे दाबून ठेवली तर तिचा ठोका लागतो. कोपरापुढे ती दोन फाटे करते, त्यांतला अंगठ्याच्या बाजूचा फाटा म्हणजे मनगटावर पाहतो ती नाडी. रक्तदाब मोजतात तो याच धमनीचा. 1896 साली इटलीतील रिवा-रोची यांनी दंडाला फुगणारा पट्टा बांधला आणि 1905 साली रशियाचे कोरोत्कोव्ह यांनी त्याखाली धमनीचा आवाज ऐकला, आजवर तीच पद्धत चालू आहे. आपल्या बेटावर रक्तदाब आणि मधुमेह घरोघरी आहेत, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. जाड दंडाला लहान पट्टा बांधला तर आकडा खोटाच जास्त येतो. हात खाली लोंबत ठेवला तरीही जास्त येतो. दंड टेबलावर, हृदयाच्या पातळीला टेकवून बसावे.

1628 साली इंग्लंडच्या विल्यम हार्वे यांनी रक्त शरीरात फिरते हे छापून सिद्ध केले, तेव्हा त्यांचा एक पुरावा दंडाला बांधलेल्या पट्टीचा होता. पट्टी फार घट्ट बांधली तर मनगटाची नाडी बंद पडते आणि हात गार होतो, कारण खोलवरची धमनीच दबते. तीच थोडी सैल केली तर धमनीतून रक्त येत राहते, पण वरवर असलेल्या नीला दबलेल्या असल्याने परतीची वाट बंद होते. हात फुगतो, तांबडा-निळा होतो. वाचकहो, हा प्रयोग लक्षात ठेवा, त्याचे काम पुढे लागणार आहे.

मज्जातंतू मानेच्या मणक्यांतून निघतात, काखेपाशी त्यांची जाळी होते आणि तिथून ते दंडात उतरतात. त्यांतले तीन हाताच्या पंज्यापर्यंत जातात. मधला (मेडियन) मोठ्या धमनीला चिकटून उतरतो. आतला (अल्नर) कोपराच्या आतल्या हाडामागून जातो. तिथे तो कातडीखाली जवळजवळ उघडाच असतो, म्हणून कोपर दाराच्या कडेवर आपटले की करंगळीपर्यंत झिणझिण्या जातात. तो हाडाचा गुण नव्हे. तिसरा (रेडियल) दंडाच्या हाडाला मागून वळसा घालतो, हाडाला अगदी चिकटून. दंडाचे हाड मधोमध मोडले की याच्यावर संकट येते : मनगट लुळे पडते, पंजा खाली लोंबतो. हाड न मोडताही असे होते. खुर्चीच्या पाठीवर हात टाकून कोणी गाढ झोपी गेला, विशेषतः रमचे दोन पेले जास्त झाल्यावर, तर सकाळी मनगट उचलत नाही. इंग्रजी ग्रंथांत याला ‘शनिवारच्या रात्रीचा लुळेपणा’ म्हणतात! नुसत्या दाबाने झालेला असा लुळेपणा बहुधा आठवड्यांत किंवा काही महिन्यांत सुधारतो. तंतू आतून खरोखर तुटला असेल तर तो दिवसाला साधारण 1 मिलिमीटर या वेगाने पुन्हा वाढतो. म्हणजे 10 सेंटिमीटर अंतराला तीन महिन्यांहून जास्त. अशा घरी धीर धरणे आणि बोटांचे सांधे रोज हलवत ठेवणे, दोन्ही करावे लागते.

हे सगळे आम्ही ज्यासाठी मांडले ते आता सांगतो. नोव्हेंबर-डिसेंबरात लिची पिकते, शाळांना सुट्टी लागते आणि मुले झाडावर चढतात. पाच ते सात वर्षांचे मूल पसरलेल्या हातावर पडते आणि कोपराच्या अगदी वर, जिथे दंडाचे हाड चपटे आणि पातळ होते, तिथे ते मोडते. लहान मुलांच्या कोपराचे हे सर्वांत नेहमीचे मोडणे. हाडाचे धारदार टोक पुढे सरकले तर समोर काय आहे? मोठी धमनी आणि मधला मज्जातंतू.

मग घरात काय होते हे आपण सगळे जाणतो. ‘शीर सरकली आहे’ म्हणून कोणी तेल गरम करतो, कोणी चोळून हात ओढतो, आणि वरून फडके करकचून बांधतो. प्रेमानेच करतात, पण प्रत्येक ओढीने हाडाचे टोक धमनीवर घासते. बाहेर हार्वेची पट्टी बसते आणि आत सूज वाढते. दंडासारखेच कोपराखालच्या हातालाही न ताणणारे वेष्टन आहे, सूज बाहेर फुटू शकत नाही, ती रक्ताचीच वाट दाबते. रक्त पूर्ण थांबले तर साधारण सहा तासांत स्नायू मरू लागतात. मेलेला स्नायू पुढे आखडतो, बोटे कायमची पंजासारखी वाकतात. जर्मन शल्यवैद्य फॉल्कमान यांनी 1881 साली घट्ट बांधलेल्या हातांवरून हे दुखणे वर्णिले, आणि आजही त्याला त्यांचेच नाव आहे. आपल्या सुश्रुतसंहितेत शरीराची 107 मर्मे मोजली आहेत. त्यांत कोपर हे एक मर्म असून ते दुखावले तर हात वाकडा होतो असे सांगितले आहे. जागा त्यांनी बरोबर हेरली होती.

तेव्हा मूल पडून कोपर सुजले तर हात ज्या स्थितीत असेल त्याच स्थितीत ठेवावा. ओढू नये, चोळू नये, सरळ करू नये. उशीचा आधार द्यावा किंवा सैल झोळी करावी. मनगटातले कडे, अंगठी, काळा दोरा, दंडावरचा ताईत लगेच काढावा, कापावा लागला तरी चालेल. सूज आल्यावर तोच फास होतो. देवाचा कोप होईल अशी भीती आजीला वाटत असेल तर ताईत उशाशी ठेवा. खायला-प्यायला काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. आणि सरळ इस्पितळ गाठावे. सरकारी इस्पितळात पैसे पडत नाहीत, रुग्णवाहिकेसाठी 114 क्रमांक आहे.

हाड बसवून प्लास्टर घातल्यावरही पहिले दोन दिवस डोळा ठेवावा लागतो, आणि हे काम आईबाप डॉक्टरांइतकेच चांगले करू शकतात. मुलाला तीन खुणा करायला सांगाव्यात. अंगठा वर करून ‘शाबास’ दाखव : हा रेडियलचा हुकूम. अंगठा आणि तर्जनीची टोके जुळवून गोल कर : हा मधल्या तंतूचा, टोके जुळत नसतील तर तो दुखावला आहे. बोटे पंख्यासारखी फाकव : हा आतल्याचा. मग बोटांची टोके पाहावीत. ती गुलाबी आणि ऊबदार असावीत, नख दाबून सोडले की दोन सेकंदांत रंग परत यावा. औषध देऊनही मूल वेदनेने तळमळत असेल, बोटे हलकेच सरळ करताना किंचाळत असेल, बोटे पांढरी, गार किंवा बधिर वाटत असतील, तर सकाळची वाट पाहू नये. मनगटाची नाडी लागते आहे एवढ्यावर विसंबू नये. नाडी चालू असतानाही आतले स्नायू गुदमरत असू शकतात. मध्यरात्र असली तरी परत जावे, आणि तिथे ‘शीर’ न म्हणता नेमके सांगावे : बोटे गार आहेत, किंवा अंगठा वर होत नाही, किंवा करंगळीला स्पर्श कळत नाही.