स्वप्न पडले? वैद्यांना सांगा

घरातील आजोबांनी सकाळी ‘रात्री फार वाईट स्वप्न पडले’ म्हटले, की आपण ‘देवाचे नाव घ्या’ म्हणून चहा पुढे करतो. प्राचीन ग्रीक वैद्याने मात्र तेथेच बसून चौकशी आरंभली असती.

एपिडॉरस येथील अस्क्लेपियस या आरोग्यदेवतेच्या मंदिरात रुग्ण रात्री मुद्दाम निजावयास जात. देव स्वप्नात येऊन बरे करतो, ही श्रद्धा. बरे झालेल्यांच्या कहाण्या इ. स. पूर्व ४ थ्या शतकात तेथे शिलांवर कोरल्या गेल्या. (बरे न झालेल्यांच्या कोण कोरणार?)

वैद्यांची दृष्टी मला अधिक रुचते. हिप्पोक्रॅटिसच्या नावे चालत आलेल्या ग्रंथांपैकी आहारविहारावरील ग्रंथाचा ४ था भाग स्वप्नांविषयी आहे. दिवसाची कामे रात्री जशीच्या तशी दिसली तर प्रकृती स्वस्थ. त्यांच्या विपरीत काही दिसले तर देहात बिघाड. नदीला पूर दिसला तर रक्त वाढले, पाणी आटलेले दिसले तर ते उणे झाले. झरे वा हौद दिसल्यास मूत्राशयाकडे पाहावे! त्यावर उपाय मंत्रतंत्राचे नव्हेत, आहारातील बदल आणि चालण्याचे आहेत. ही समीकरणे आज टिकत नाहीत. देहाची चौकशी करण्याची रीत मात्र टिकते. वैद्यपुत्र ॲरिस्टॉटलने तिचे कारणही दिले: झोपेत क्षीण आवाज गडगडाटासारखा भासतो, किंचित ऊब आगीतून चालल्यासारखी वाटते, रोगाचा आरंभही असाच सूक्ष्म असतो.

इ. स. २ ऱ्या शतकातील आर्टेमिडोरसने स्वप्नार्थावर पाच भाग लिहिले. त्याची भाकिते सोडून द्यावीत. परंतु स्वप्न पाहणाऱ्याचे वय, व्यवसाय आणि प्रकृती जाणल्यावाचून अर्थ लावू नये, हा त्याचा आग्रह कोणत्याही डॉक्टरला पटेल.

आता आपल्या घराकडे वळू. स्वप्नांच्या निद्रेत स्नायू एरवी शिथिल असतात. उतारवयात कोणी स्वप्नातील मारामारी अंथरुणात प्रत्यक्ष करू लागले, ओरडू वा लाथा झाडू लागले, तर ते अवश्य सांगावे. काहींमध्ये पार्किन्सनच्या कंपवाताची ही कित्येक वर्षे आधीची खूण असते. सर्वांनाच तो होतो असे नाही. इन्सुलिन घेणाऱ्यास भयंकर स्वप्नाबरोबर दरदरून घाम सुटला, तर त्याच वेळी साखर तपासावी. रक्तदाबावरील बीटा ब्लॉकर गोळ्या, स्मृतिभ्रंशावरील डोनेपेझिल यांनीही स्वप्ने तीव्र होऊ शकतात. गोळी स्वतःहून बंद करू नये.

डॉक्टरांकडे जाताना स्वप्नाची वेळ, हातपाय हलले का, नवी औषधे कधीपासून सुरू झाली, हे लिहून न्यावे. शेजारी झोपणाऱ्यानेही सोबत जावे. स्वप्न पाहणाऱ्यास आपण लाथ मारली हे पुष्कळदा ठाऊकच नसते. तोवर पलंगाजवळील टोकदार मेज आणि काचेचे तांब्याभांडे तेवढे दूर सरकवा.